स्वस्तातली हार्डटेल एमटीबी: आधी ग्रीस, मग टायर

माझ्या हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकवर (एमटीबी), कारखान्यातून आलेल्या वस्तू आता मोजक्याच उरल्यात: ॲल्युमिनियमची फ्रेम, दोन्ही चाकं, क्रँक (ज्यांना पेडल लागतात ते दांडे) आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, आवळायचा क्लॅम्प. बाकीचं सगळं सहा वर्षांत एकेक करत बदललं. घेतली तेव्हा ती त्या कंपनीच्या एमटीबींमध्ये खालून दुसरी होती. २९ इंची चाकं, १०० मिमी दबणारा स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग), पुढे तीन आणि मागे आठ गिअर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक.

मी एक वही ठेवते. तारीख, सायकल किती तास चालली, काय बदललं आणि बदलल्यावर चालवताना काय जाणवलं. शेवटचा रकाना मी त्याच दिवशी भरत नाही, तीन-चार फेऱ्या झाल्यावर भरते. नवा पार्ट बसवला की पहिल्या दिवशी सगळंच छान वाटतं, म्हणून. आता ती वही चाळली की एक गोष्ट स्पष्ट दिसते: 'खूप फरक' असा शेरा असलेल्या पहिल्या तीन नोंदींमध्ये एकही पार्ट विकत घेतलेला नाही. हबचं, म्हणजे चाकाच्या मध्यभागाचं ग्रीस, टायरमधली हवा आणि ब्रेकचं सेटिंग. तुमच्याकडे अशी सायकल असेल तर सुरुवात तिथूनच करा, असं मी अगदी मनापासून सांगेन.

हब उघडा

स्वस्त सायकलमध्ये बहुतेक वेळा कप-कोनचे हब असतात, म्हणजे सुटे छर्रे, त्यांना धरणारा कप आणि वरून आवळलेला कोन. ही रचना चांगली आहे, दुरुस्त करता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. अडचण एवढीच, की ती नीट ग्रीस लावून आणि नीट आवळून मिळेल याची खात्री नसते. माझं पुढचं चाक फ्रेममधून काढून ॲक्सल (हबमधून जाणारा दांडा) दोन बोटांत धरून फिरवलं तर खरखर लागत होती, वाळू चिमटीत चोळल्यासारखी. उघडून पाहिलं तर डाव्या बाजूला पिवळसर ग्रीसचा एक गोळा होता आणि उजव्या बाजूचे छर्रे जवळपास कोरडे. सायकल तेव्हा नवीच होती.

कामाला लागतं काय, तर पातळ कोन पाने (पुढच्या हबला बहुतेकदा १३ मिमीचा), लॉकनटसाठी साधा पाना, जुनं कापड आणि चांगलं ग्रीस. चाकाखाली कापड पसरा, कारण छर्रे पडतात आणि पडले की फरशीवर लांब पळतात. साधारणपणे पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १० आणि मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला १/४ इंचाचे ९ छर्रे असतात. तरी काढताना मोजाच. एकाच बाजूचा लॉकनट आणि कोन सोडवा, दुसरी बाजू तशीच राहू द्या, म्हणजे ॲक्सल परत बसवताना मधोमध येतो. सगळं पुसून कोनचा तो वळसा उजेडात धरा, जिथे छर्रे फिरतात. गुळगुळीत चकचकीत रेघ दिसली तर कोन ठीक. सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर कोन बदला; खड्ड्यांचा कोन नवे छर्रेही खाऊन टाकतो.

कपात ग्रीस भरा, त्यात छर्रे एकेक करून चिकटवा, वरून पुन्हा ग्रीस, मग ॲक्सल. पुढची पायरी बऱ्याच जणांची चुकते, माझीही दोनदा चुकली. चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय खटक्याने सुटणारं असेल तर कोन अगदी घट्ट बसवायचा नाही. हातात धरल्यावर ॲक्सलला किंचितसा प्ले, म्हणजे ढिलेपणा जाणवला पाहिजे. क्विक रिलीजचा खटका लावला की ॲक्सल जरासा दाबला जातो आणि तो प्ले निघून जातो. हातात असतानाच प्ले शून्य ठेवला तर सायकलवर बसवल्यावर हब जाम होतो आणि छर्रे कोनला खड्डे पाडतात.

माउंटन बायकिंगच्या सुरुवातीच्या एका प्रसिद्ध शर्यतीचं नावच ग्रीसवरून पडलंय. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली 'रिपॅक' नावाची उतारावरची शर्यत सुरू झाली. तेव्हाच्या जुन्या जाड टायरच्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्येच असायचा, उतरता उतरता तो इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. हब उघडायला बसले की मला ती माणसं आठवतात आणि काम हलकं वाटतं.

हब उघडलाच आहे तर त्याच बैठकीत आणखी चार ठिकाणी ग्रीस लावून घ्या: सीटपोस्ट, पेडलचे आटे, स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट आणि हेडसेटचे (फोर्क जिथे वळतो तिथले) बेअरिंग. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कोरडी सीटपोस्ट वर्षभर तशीच राहिली तर अडकून बसते आणि मग ती काढायला फार त्रास होतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवा. बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) आट्यांचा असेल तर त्याच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी दिशा तपासली तर क्रँक वाचतो.

फ्रेमला काय बसतं ते मोजा

दुसऱ्या वर्षी मी एक वापरलेला एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचा, घेतला. छान होता, कमी चाललेला होता. घरी आणला आणि मग कळलं की त्याची स्टिअरर, म्हणजे फ्रेमच्या अगदी पुढच्या नळीतून (हेडट्यूब) वर जाणारी नळी, टेपर्ड आहे: वर १ १/८ इंच आणि खाली दीड इंच. माझ्या फ्रेमची हेडट्यूब सरळ, आतून ३४ मिमी. त्यात टेपर्ड फोर्क कोणत्याही मार्गाने बसत नाही. चार महिने तो फोर्क कपाटात पडून राहिला, मग दुसऱ्या कुणाच्या कामी आला. त्यानंतर मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन एक संध्याकाळ बसले आणि वहीच्या पहिल्या पानावर फ्रेमची मापं लिहून काढली. तुम्हीही ते पान पहिल्या महिन्यातच लिहा.

त्या पानावर हेडट्यूब सगळ्यात वर. आतला व्यास वर-खाली ३४ असेल तर फक्त सरळ स्टिअररचा फोर्क. वर-खाली ४४ असेल तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्डही बसतो. खालचं तोंड वरच्यापेक्षा स्पष्ट जाड दिसत असेल तर फ्रेम टेपर्डच आहे आणि तुमचं काम सोपं आहे.

मग ॲक्सल. जुन्या पद्धतीत पुढे १०० मिमी आणि मागे १३५ मिमीचा क्विक रिलीज. आताच्या बूस्ट पद्धतीत पुढे ११० मिमी रुंद आणि १५ मिमी जाड, मागे १४८ रुंद आणि १२ जाड थ्रू-ॲक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड ॲक्सल. मधेच १४१ मिमीच्या क्विक रिलीजचा प्रकारही स्वस्त सायकलींवर येतो. तुमचं चाक १०० मिमीचं असेल आणि आवडलेला फोर्क ११० चा, तर फोर्कबरोबर पुढचं चाकही घ्यावं लागेल. खर्च असा एकातून दुसऱ्यात जातो.

मागच्या चाकावर फ्रीव्हील (मोकळं फिरणारा भाग चकत्यांमध्येच) आहे की कॅसेट (तो भाग हबमध्ये, चकत्या त्यावर बसतात), हे ओळखणं सोपं आहे. चेन बाजूला करून चकत्या उलट्या फिरवा आणि सगळ्यात लहान चकतीच्या आतली खाचांची रिंग बघा. रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. रिंग जागच्या जागी राहिली आणि चकत्याच फिरल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे आत, चाकाच्या मध्याकडे असतात, त्यामुळे ॲक्सलचा बराचसा भाग आधाराशिवाय बाहेर राहतो. उड्या आणि दगडांवर तो वाकतो. अशा सायकलवर मागे मोठे गिअर बसवायचे असतील तर आधी मागचं चाक बदलायचं असं समजूनच हिशेब मांडा. फ्रीव्हीलवर चालणाऱ्या सायकलवर मी स्वतः फार पैसे घालणार नाही.

सीटपोस्टचं माप तिच्या खालच्या भागावर कोरलेलं असतं: २७.२, ३०.९ किंवा ३१.६. रिमवर आतली रुंदी बहुतेक स्टिकरवर मिळते, नाहीतर टायर काढून मोजा. हँडलचा क्लॅम्प ३१.८ आहे की जुना २५.४, तेही लिहा. आणि ब्रेकचा लिव्हर व गिअरचा खटका वेगळे आहेत की एकाच तुकड्यात, हे आवर्जून बघा. माझ्या सायकलवर ते एकत्र होते. म्हणजे ब्रेक बदलायचे तर गिअरचे खटकेही फेकायचे! त्यामुळे माझे ब्रेक आणि गिअर एकाच वेळी बदलायचं ठरलं, आणि तोपर्यंत मी केबलचेच ब्रेक नीट लावून चालवले.

टायर आणि हवा

टायरच्या कडेला छापलेला आकडा हा बहुतेकदा कमाल दाब असतो. तेवढी हवा भरून दगडांवर गेलात तर चाक उसळत राहतं, पकड मिळत नाही आणि हात सुन्न होतात. मला सायकल मिळाली तेव्हा दोन्ही टायरमध्ये ४५ पीएसआय होते. माझं वजन ५८ किलो. आता मी ट्यूब घालूनच पुढे २४ आणि मागे २७ ठेवते. तुमचा आकडा तुमच्या वजनाप्रमाणे वेगळा येईल: ७५ किलोच्या माणसाला ट्यूबसह २७ ते ३० च्या आसपास सुरुवात करता येते. मग प्रत्येक फेरीला २ पीएसआय कमी करत जा. एक दिवस दगडावर रिम 'टण्ण' वाजेल किंवा ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतील. तिथून ३ पीएसआय वर या आणि तो आकडा वहीत लिहा. यासाठी मापक मात्र चांगला हवा. पंपावरच्या काट्यावर २ पीएसआयचा फरक नीट वाचता येत नाही.

नवीन पार्टांमध्ये पहिला पैसा टायरवर घाला, आणि एकच घ्यायचा असेल तर पुढचा घ्या. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण जमिनीवर. स्वस्त सायकलीवरचे टायर कडक रबराचे आणि तारेच्या कडेचे असतात, कारण ते झिजत नाहीत आणि कमी खर्चात बनतात. ओल्या मुळांवर, गुळगुळीत दगडावर ते धरत नाहीत. मी पुढे २.३५ चा, मऊ रबराचा, उंच खुंट्यांचा टायर लावला, मागे २.२५ चा, कमी उंचीच्या आणि जवळजवळ बसवलेल्या खुंट्यांचा, म्हणजे चढावर तो ओढत नाही. रुंद टायर मागवण्याआधी मागच्या त्रिकोणात आणि फोर्कच्या कमानीत जागा मोजा. दोन्ही बाजूंना निदान ५-६ मिमी मोकळी हवी, कारण चाकाला थोडा आऊट (डुलणं) येतोच आणि चिखलही अडकतो.

ट्युबलेसबद्दल माझं मत अनुभवावरून बनलंय. माझी रिम ट्युबलेससाठी बनवलेली नव्हती. तरी टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) घालून मी ते करून पाहिलं. घरात आठवडाभर हवा टिकली. बाहेर एका उतारावरच्या वळणात टायरची कड रिमपासून सुटली, हवा एका फटक्यात गेली आणि मी कोपरावर पडले. टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा रिममध्ये असावा लागतो, तो टेपने तयार होत नाही. रिमवर 'ट्युबलेस रेडी' असं लिहिलेलं असेल तर जरूर करा. एका टायरला ८०-१०० मिली सीलंट घाला आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा, कारण ते वाळतं. लिहिलेलं नसेल तर ट्यूब बरी. ज्या ट्यूबच्या व्हॉल्व्हचा आतला गाभा पान्याने निघतो तशी घेतली तर ट्यूबमध्येही थोडं सीलंट घालता येतं. काट्यांच्या पंक्चरना तेवढं पुरतं.

ब्रेक

केबलचे डिस्क ब्रेक वाईट असतात असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ते नीट लावलेले नसतात. साध्या कॅलिपरमध्ये (पॅड धरणारा भाग) बाहेरचा एकच पॅड हलतो आणि तो रोटरला, म्हणजे चाकावरच्या ब्रेकच्या तबकडीला, वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. म्हणून आतला पॅड रोटरच्या अगदी जवळ हवा, एक कागद जेमतेम सरकेल इतका. चाकाच्या बाजूने ॲलन की घालून तो पुढे घ्या. मग बाहेरच्या पॅडचं अंतर केबलने ठरवा. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, लिव्हर दाबून धरून, एकदा हा आणि एकदा तो असे थोडे थोडे आवळा. एवढ्याने माझा ब्रेक दोन बोटांवर आला.

पुढे मी शिमानोचे एमटी २०० हे हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलावर चालणारे ब्रेक लावले. साधे आहेत, पण लांब उतारावर हात दुखायचे थांबले. पुढे १६० च्या जागी १८० मिमीचा रोटर लावायचा असेल तर ॲडॅप्टर लागतो, आणि फोर्क किती मोठा रोटर झेलतो तेही तपासावं लागतं. रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' असं लिहिलेलं असेल तर धातूचे पॅड लावू नका, रोटर लवकर खराब होतो. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकात दुसरं गेलं तर आतले रबरी सील फुगून निकामी होतात. चाक काढल्यावर लिव्हर दाबू नका; पॅड एकमेकांना चिकटतात आणि रोटर आत जात नाही. प्रवासात मी पॅडांमध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवते.

नवे पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत. सपाट रस्त्यावर वेग घ्या, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगावर या, चाक लॉक होऊ देऊ नका, पुन्हा वेग घ्या. पुढचा वीसदा, मागचा वीसदा. दहाव्या-बाराव्या वेळी ब्रेक अचानक घट्ट धरू लागतो, ते बोटांना कळतं. आणि चेनला तेल घालताना रोटर कापडाने झाका. एक थेंब पॅडवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि तो पॅड बहुधा परत चांगला होत नाही.

चेन झिजेपर्यंत गिअर बदलू नका

चालू असलेले गिअर काढून नवे लावण्यात मला अर्थ दिसत नाही. झिजू द्या. फक्त झीज मोजत राहा. चेनच्या बारा पूर्ण कड्यांची, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतची लांबी नवीन असताना ३०४.८ मिमी असते. स्टीलची पट्टी लावून पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. ३०७ मिमीच्या आसपास गेली की ८, ९, १० गिअरच्या सायकलची चेन बदलायची. ११-१२ गिअरवाल्यांनी ३०६ ओलांडली की लगेच. या वेळेत चेन बदलत गेलात तर कॅसेट दोन-तीन चेन टिकते. माझी पहिली चेन मी उशिरा बदलली, नवी चेन जुन्या कॅसेटवर उड्या मारायला लागली आणि तेव्हाच ठरवलं की आता सगळं एकदम बदलायचं.

पुढच्या तीन चकत्यांऐवजी एकच ठेवण्याचा निर्णय गणित करून घ्या. माझा जुना सगळ्यात हलका गिअर पुढे २२, मागे ३२ दाते: २२ भागिले ३२ म्हणजे ०.६९. नवा पुढे ३२ आणि मागे ४८: ०.६७. म्हणजे चढावर काहीच गेलं नाही, उलट किंचित मिळालं. वरचा गिअर ४२/११ चा ३२/११ झाला, ३.८२ वरून २.९१. मिनिटाला ९० पेडल मारली तर २९ इंची चाकावर तो ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास जातो. कच्च्या वाटेवर मला याहून जास्त कधी लागलं नाही. तुम्ही निम्मा वेळ डांबरी रस्त्यावर लांबचा पल्ला मारत असाल तर मात्र पुढच्या तीन चकत्या राहू द्या, त्यांची लाज वाटण्याचं काही कारण नाही.

मी मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट एक्स संच लावला: मागे १० गिअर, ११ ते ४८ दाते, साध्या शिमानो पद्धतीच्या फ्रीहबवरच (हबचा कॅसेट बसणारा भाग) बसतो. शिमानोचा १० गिअरचा डिओर, ११ ते ४६, हाही तसाच बसतो. १२ गिअरच्या ज्या शिमानो कॅसेटची लहान चकती १० दात्यांची असते तिला वेगळा, मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतो, म्हणजे पुन्हा चाकाचा खर्च. खटका आणि मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एकाच घराण्यातले घ्या. केबल किती खेचायची याचं प्रमाण प्रत्येक घराण्याचं वेगळं असतं. पुढची चकती एक जाड-एक पातळ अशा दात्यांची घ्यायची, म्हणजे चेन उडत नाही. माझ्या क्रँकच्या चकत्या बोल्टवर होत्या, चार बोल्ट, १०४ मिमीचं वर्तुळ, त्यामुळे मधल्या जागी नवी चकती आखूड बोल्टने लागली आणि क्रँक वाचला. चकत्या रिव्हेट मारलेल्या असतील तर क्रँकही बदलावा लागेल, तो हिशेब आधी धरा.

गिअर नीट लागत नसतील तर स्क्रू फिरवण्याआधी मागून बघा: डिरेल्युअर ज्या लहानशा पट्टीला लटकतो, तो हँगर सरळ आहे का? ती पट्टी मुद्दाम मऊ असते, पडल्यावर फ्रेमऐवजी ती वाकावी म्हणून. वाकलेल्या हँगरवर कितीही ट्यूनिंग करा, एक गिअर लागला की दुसरा सुटतो. तुमच्या फ्रेमचा जादा हँगर आजच मागवून पिशवीत ठेवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि नेमका नको तेव्हा मोडतो.

हात आणि पाय

हँडल, स्टेम, ग्रिप, पेडल. इथे थोड्या खर्चात खूप बदलतं. माझा स्टेम ९० मिमीचा होता, उतारावर सगळं वजन पुढच्या चाकावर यायचं. ५० मिमीचा लावला आणि हँडल ६९० वरून ७४० मिमीचं. ७८० चं हँडल सगळ्यांना लागतं असं नाही. माझ्या खांद्यांना ते फार रुंद होतं. रुंद घेऊन ग्रिप आत सरकवून चालवून बघा, मग दोन्ही बाजूंनी ५-५ मिमी कापत या. स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरला, वर-खालची फट सारखी ठेवून. टॉर्क रेंच ही चैन नाही, स्वस्त सायकलचे आटे मऊ असतात. पेडल पिनांची, सपाट, रुंद घ्या.

फोर्क

स्वस्त फोर्कची स्प्रिंग एकच मिळते आणि ती माझ्यापेक्षा बऱ्याच जड माणसाला धरून असते. मी फोर्कच्या नळीला एक प्लास्टिकची केबल टाय बांधली आणि माझ्या नेहमीच्या खडबडीत वाटेने उतरले. खाली येऊन मोजलं: १०० पैकी ४१ मिमी. उरलेले ५९ मिमी मी तीन वर्षं नुसते वाहून नेत होते. हे मोजमाप तुम्हीही करा. तुम्ही ८० किलोचे असाल आणि ८५-९० मिमी वापरले जात असतील तर तुमचा फोर्क तुमचं काम करतोय, त्याच्या नळ्या पुसा, सील खालची धूळ काढा आणि पैसे टायरवर घाला.

हलक्या माणसाला मात्र एअर फोर्कसारखं दुसरं सुख नाही, कारण स्प्रिंगच्या जागी हवा असते आणि ती आपल्या वजनाप्रमाणे भरता येते. मला सरळ स्टिअरर आणि क्विक रिलीजमध्ये सनटूरचा एक्ससीआर ३२ एअर मिळाला. शॉक पंपाने हवा भरा, सायकलचे कपडे-पाणी-पिशवीसकट बसा, फोर्क किती दबतो ते बघा. १०० मिमीच्या फोर्कवर २० मिमी आसपास दबला पाहिजे. जास्त दबला तर हवा वाढवा. फ्रेम १०० मिमीसाठी बनवलेली असेल तर १२० चा मोह आवरा, निदान कंपनी काय सांगते ते बघून ठरवा. २० मिमी लांब फोर्कने पुढचा भाग उचलला जातो, हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा कोन, सुमारे १ अंशाने पडतो आणि हेडट्यूबच्या वेल्डिंगवर ताण वाढतो. आणि फोर्कची किंमत सायकलच्या मूळ किमतीच्या निम्म्यावर जायला लागली तर थांबा. तेवढ्यात पुढच्या वर्गातली वापरलेली हार्डटेल बघणं शहाणपणाचं.

फोर्क बसला की त्याची निगा सुरू होते. दर ५० तासांच्या आसपास खालचे पाय उतरवून तेल आणि सीलचं ग्रीस बदला. वहीतला तासांचा रकाना त्यासाठीच आहे.

ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवतानाच खाली-वर करता येणारी, मी सगळ्यात शेवटी घेतली. माझ्या फ्रेमला आतून केबल न्यायला भोक नाही, म्हणून बाहेरून केबलची, १०० मिमी खाली जाणारी. उतारावर सीट गुडघ्यांखाली गेली की सायकल वळते कशी, हे पहिल्यांदा कळतं. पूर्वी मी थांबून ॲलन कीने सीट खाली करायचे, आणि खरं सांगायचं तर खर्च नको असेल तर तेही चालतं.

प्रत्येक बदलानंतरच्या पहिल्या फेरीत ॲलन कीचा संच खिशात ठेवा. अर्ध्या तासाने थांबून स्टेम, कॅलिपर, रोटर, क्रँक आणि पुढच्या चकतीचे बोल्ट एकदा हाताने तपासा; नवी केबल थोडी सैलावते, तीही तिथेच ताणून घ्या. आणि महिन्यातून एकदा सायकल धुतल्यावर, ओली असतानाच, कापड घेऊन फ्रेमच्या सांध्यांवरून हात फिरवा: हेडट्यूबच्या मागे खालच्या नळीचा सांधा, सीट क्लॅम्पखालची खाच, बॉटम ब्रॅकेटच्या भोवती आणि मागच्या ॲक्सलच्या जागा. पाणी पुसल्यावरही एखादी बारीक काळी रेघ उरली, नखाला अडकली किंवा रंग फुगलेला दिसला, तर तिथे पेन्सिलने खूण करा आणि सायकल चालवू नका. ॲल्युमिनियमची तडा गेलेली फ्रेम मी वेल्ड करून वापरणार नाही. माझ्या फ्रेमवर अजून तशी रेघ नाही, पण आली तर फोर्क, ब्रेक, गिअर, हँडल सगळं उतरवून दुसऱ्या फ्रेमवर चढवायचं आहे, आणि त्यासाठी मापांचं ते पहिलं पान वहीत तयार आहे.